गोल गोल उगवलेलं गवत

चार दिवस झाले, झड लागली आहे. झड म्हणजे कोसळणारा पाऊस नव्हे. त्याला जोर नसतो, घाई नसते, गडगडाटही नसतो. तो नुसता हट्टाला पेटलेला असतो. सकाळी उठावं तर पडतोय, संध्याकाळी दिवा लावावा तर पडतोय. काडीपेटीतल्या काड्या मऊ पडतात, पापड वातड होतात, दोरीवरचे कपडे तिसऱ्या दिवशीही ओलेच आणि वर कुबट वास मारणारे. छिंदवाड्याच्या बसच्या काचा आतून धुरकटतात. माझ्या शाळेतली मुलं दोन्ही पायांना काळ्या मातीचे गोळे घेऊन वर्गात येतात आणि जाताना ते बाकाखाली सोडून जातात. हिंदी राज्यात मोडणाऱ्या सौंसरच्या या शाळेत मी हिंदीतून शिकवते आणि मराठीतून वैतागते. झडीत माझं मराठी फार सुधारतं.

झडीत सगळ्यांना भजी सुचतात. मलाही सुचतात, पहिले दोन दिवस. तिसऱ्या दिवसापासून मला गवत सुचायला लागतं. लोधीखेड्याच्या रस्त्याला आमचं सहा एकर वावर आहे. नागपूरचे पाहुणे त्या रस्त्याने जाताना म्हणतात, "वा, काय हिरवंगार आहे हो तुमच्याकडे!" मी हसून मान डोलावते आणि त्या हिरव्यातलं सोयाबीन किती आणि सावा किती, याचा डोळ्यांनी अंदाज घेत बसते. सावा आणि शिपी ही आमच्याकडची दोन पक्की तणं. झडीत काळ्या जमिनीत पाय ठेवला तर चप्पल आत राहते आणि पाय वर येतो. पिकाच्या दोन तासांमधलं, म्हणजे ओळींमधलं, गवत कापत जाणारा बैलांचा डवरा चालत नाही. फवारा मारावा तर औषध पानावर टिकत नाही. सोयाबीन बिचारं पाण्यात उभं राहून पिवळं पडतं, आणि गवत मात्र सुट्टी लागल्यासारखं वाढत असतं.

अशीच झड चार वर्षांमागे लागली होती. ती मधूनमधून दम घेत तीन आठवडे चालली. त्या पावसाळ्याची आठवण आली की मला आधी वास येतो: उपटलेल्या ओल्या गवताचा, मुळाशी चिकटलेल्या चिखलाचा आणि बायांनी डोक्यावरून घेतलेल्या खताच्या रिकाम्या पोत्यांचा. त्या वासात मी एका बाईला ओळखलं. त्याआधी पंधरा वर्षं मी तिला फक्त बघत होते.

थोडं मागचं सांगायला हवं. शेती बघतो माझा नवरा, प्रमोद. लिहिताना मी त्याला प्रमोद म्हणते. घरात 'अहो'वर भागतं. दोन एकर संत्रा, थोडा कापूस आणि उरलेल्यात सोयाबीन. माझं माहेर वरूडचं, म्हणजे संत्र्याच्या झाडाखालीच मी वाढले, पण सोयाबीन मला इथेच भेटलं. मी नवी नवरी असताना निंदणाच्या, म्हणजे गवत उपटायच्या, दिवसांत आमच्या वावरात वीस-वीस बाया असत. मग ते औषध आलं. सोयाबीनला धक्का न लावता त्यातलं गवत तेवढं जाळायचं. एक माणूस, एक पंप आणि अर्धा दिवस, झालं निंदण. पहिल्या वर्षी आठ दिवसांत गवत असं वाळलं की प्रमोद धुऱ्यावर, म्हणजे वावराच्या बांधावर, उभा राहून शेजाऱ्यांना हाका मारून दाखवत होता. त्याला नातू झाल्यासारखा आनंद झाला होता.

त्या वीस बायांनी त्या वर्षी काय केलं, हे मी विचारलं नाही. शाळेत मी मुलांना सांगते, प्रश्न विचारायला लाजू नका.

मग सात-आठ वर्षं आम्ही तेच औषध मारत राहिलो. बाटली बदलली, बाटलीवरचं चित्र बदललं, नाव बदललं. आत औषध तेच. दर वर्षी गवताची काही ठोंबं मरायची राहत. "राहिलं असेल चुकून," प्रमोद म्हणायचा. "पंपाचा फवारा पोचला नसेल." मीही हो म्हणायचे. चुकून राहिलेलं ते नव्हतंच. जे औषधाला बधत नव्हतं तेच राहत होतं, आणि आजूबाजूचं सगळं जळाल्यामुळे त्याला ऐसपैस जागा मिळत होती. बियाण्यासाठी आपण कशी चांगली चांगली कणसं निवडून बाजूला ठेवतो, तशी आम्ही दर वर्षी न मरणाऱ्या गवताची निवड करत होतो. एवढं मन लावून आम्ही सोयाबीनचं बियाणंसुद्धा कधी निवडलं नसेल.

आता सुमनबाई. त्या वीस बायांची ती पुढारीण. पन्नाशी उलटलेली, उंच, काटकुळी, साडीवर पुरुषी फुलशर्ट घालणारी. तिच्या शर्टाच्या खिशात कायम सुपारीची डबी. ती बौद्धपुऱ्यात राहते, विहाराच्या मागच्या गल्लीत. तिच्याकडे वावर नाही, तिच्या आईकडेही नव्हतं; पण वावर बघावं कसं, ते तिला येतं. सावा दोन पानांचा असताना आपल्याला नुसतं गवताचं पातं दिसतं. ती बुडाशी बोट लावून म्हणते, "हे पाहा, इथी जांभया रंग हाय. हा सावा." मी चष्मा लावून वाकून पाहते. मला बुड दिसतं, जांभळं काही दिसत नाही.

माझ्या सासूबाईंच्या काळात सुमनबाईचा चहाचा कप वेगळा होता. पडवीत कोनाड्यात उपडा ठेवलेला असायचा. मी सासरी आले आणि तो लगेच उचलून फेकला, असं लिहायला मला फार आवडलं असतं. मला दोन वर्षं लागली. त्या दोन वर्षांची लाज मला अजून वाटते, म्हणून ती इथे लिहून ठेवते.

औषध आल्यावर सुमनबाईचं आमच्या वावरातलं निंदण बंद झालं, पण येणं बंद झालं नाही, कारण तिची म्हैस. म्हशीचं नाव बिजली. नाव कोणी आणि का ठेवलं कोण जाणे. गल्लीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकाला जायला तिला अर्धा तास लागायचा आणि मध्ये ती दोनदा विचारात पडायची. पण दुधाला चांगली होती. तिचं दूध सौंसरच्या स्टँडजवळच्या हॉटेलात जायचं आणि सुमनबाईचं घर मुख्यतः त्यावर चालायचं. आमच्याकडची जुनी रीत अशी, की दिवाळीच्या आधी सोयाबीनच्या डोक्यावर उरलंसुरलं गवत डोलायला लागलं की बायांनी यावं आणि ते कापून भारे बांधून न्यावेत. वावरवाल्याचं गवत जातं, बाईच्या जनावराला चारा होतो. आणि उन्हाळ्यात आमची गाडी सुमनबाईच्या उकिरड्यावरून शेणखत भरून आणायची, बदल्यात तिच्या दारी सोयाबीनचं कुटार, म्हणजे मळणीनंतरचा भुसा, टाकून यायची. कोणी कोणावर उपकार करत नव्हतं. सासूबाईंच्या आधीपासून हे असंच चालत आलं होतं, आणि मला ते फार सुंदर वाटायचं. अजूनही वाटतं, तरी त्यातच सगळी मेख होती.

त्या वर्षी पेरणी झाली, पीक तरारून आलं आणि झडीच्या आधीच्या दोन कोरड्या दिवसांत प्रमोदने औषध मारलं. आठ दिवस गेले. गवत मेलं नाही. जरा पिवळं पडलं आणि मग मधल्या पोंग्यातून नवं हिरवं पातं काढून मोकळं झालं. झडीत दुपारभर उघाड मिळाली तेव्हा प्रमोदने दुप्पट मात्रा मारली. सोयाबीनची पानं कडांनी करपली. गवत चार दिवस गप्प बसलं आणि पाचव्या दिवशी परत उठलं. त्या शनिवारी नवरा जामसांवलीच्या मारुतीला नारळ फोडून आला. मी विचारलं, "काय मागितलंत?" तर आधी प्रसादाचं खोबरं माझ्या हातावर ठेवलं. मग म्हणाला, "गवताच्या नावाने काय मागायचं तेच समजेना."

त्या पिकावर आमचं वर्ष अवलंबून नव्हतं, माझा पगार होता. पण प्रमोदचा चेहरा मला बघवत नव्हता. ज्या औषधाच्या जोरावर तो धुऱ्यावरून हाका मारायचा, त्याने त्याला भर वावरात उघडं पाडलं होतं. शेवटी सुमनबाईला बोलवायचं ठरलं आणि बोलवायला मला पाठवण्यात आलं. "तुम्ही जा," तो म्हणाला. "मी कोणत्या तोंडाने जाऊ?" तो मला 'तुम्ही' म्हणतो तेव्हा प्रकरण गंभीर असतं.

मी छत्री घेऊन बौद्धपुऱ्यात गेले. एवढी वर्षं न बोलावल्याबद्दल काय बोलायचं, याची रस्ताभर मनात जुळवाजुळव केली. सुमनबाई बिजलीपुढे चारा टाकत होती. माझं पहिलं वाक्य अर्धं झालं तोवर ती म्हणाली, "निंदायले याचं हाय ना? कितीक बाया लागन?" माझी जुळवाजुळव तशीच राहिली.

दुसऱ्या दिवशी भर झडीत अकरा बाया वावरात उतरल्या. झडीतलं निंदण मी पहिल्यांदा पाहिलं. उपटलेलं गवत तासातच टाकलं तर संध्याकाळपर्यंत ते ओल्या मातीत परत मूळ धरतं; म्हणून मूठ भरली की झटकायची, टोपल्यात टाकायची आणि टोपलं थेट धुऱ्यावर नेऊन रिकामं करायचं, मुळं आभाळाकडे करून. त्या मुळांवरून पाऊस निथळायचा. बाया बोलत होत्या, हसत होत्या, एकमेकींच्या सुनांचा समाचार घेत होत्या आणि हात मात्र वेगळ्याच कोणाचे असल्यासारखे चालत होते. शाळेला पावसाची सुट्टी होती, म्हणून मीही एक तास धरलं. दुपारपर्यंत माझं अर्धं तास झालं होतं आणि त्यात मी उपटलेली सोयाबीनची झाडं सुमनबाईने मला न दिसेल अशी मातीत दाबून टाकली. मला दिसलं होतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी ती काम थांबवून धुऱ्यावर उभी राहिली. पाच मिनिटं झाली, दहा झाली, पावसात तशीच उभी. मला वाटलं कंबर धरली असेल. मग तिने हाक मारली.

"बाई, इकडे या बरं. काय दिसून राहिलं तुमाले?"

"गवत," मी म्हणाले.

"गवत तं मले बी दिसते. कसं उगोलं ते पाहा ना."

परीक्षेत न येणाऱ्या प्रश्नाकडे मुलं बघतात तशी मी वावराकडे बघत राहिले. मग हळूहळू दिसायला लागलं. गवत सगळीकडे सारखं नव्हतं. जिथे बाया अजून पोचल्या नव्हत्या तिथे दाट गवताचे गोल होते. एक गोल, मग दहाबारा पावलं मोकळं, मग दुसरा गोल. रस्त्यापासून नाल्यापर्यंत एका रेषेत. आणि नाल्याजवळच्या अर्ध्या एकरात तर सगळे गोल एकमेकांत मिसळलेले, तिथे सोयाबीन औषधालाही उरलं नव्हतं.

"खताचे ढीग," मी म्हणाले. उन्हाळ्यात आमच्या गाडीने जिथे जिथे खत ओतलं होतं, तिथे तिथे हे गोल होते. नाल्याजवळ शेवटच्या गाड्या रिकाम्या केल्या आणि पसरायच्या आत पाऊस आला होता.

"कोनाचं खत?" तिने विचारलं.

मी पदराने चष्मा पुसायला लागले.

"बोला ना बाई, मास्तरीण आहा तुमी."

"तुमचं," मी म्हणाले.

"हो. माया बिजलीचं पाप हाय हे."

ऐकणाऱ्या बाया हसल्या. मीही हसले. ती हसली नाही. खिशातली डबी काढून तिने सुपारीचं खांड तोंडात टाकलं आणि एखादा हिशेब मुलाला समजावावा तसं मला सगळं सांगितलं. "दिवाळीच्या टायमाले आमी जे गवत कापून नेतो, ते कोनतं रायते? दवाईनं मेलं नाई, तेच ना? त्याले बी धरलेलं रायते. म्हैस खाते. थोडं पचते, थोडं नाई पचत. गव्हाणीतलं उरलंसुरलं झाडून उकिरड्यात जाते. अन् आपल्याले घाई. खत पुरतं कुजत नाई तोवर तुमची गाडी दारात. जे दवाईले नाई मरत, त्याचंच बी आपून गाडीत भरभरून आनलं अन् वावरभर पेरलं."

मी कितीदा या प्रसंगाचा विचार केला असेल. हे तिने सांगितलं नसतं तर आम्हाला जन्मात कळलं नसतं. आम्ही औषधाला दोष दिला असता, दुकानदाराशी भांडलो असतो, झडीला शिव्या दिल्या असत्या. गवत माजलं तर उलट तिचा फायदाच होता: निंदणाची मजुरी परत सुरू झाली होती आणि भारे मोठे मिळाले असते. आणि हे सांगितल्याने तिचं काय जाणार, हे तिला माझ्या आधी ठाऊक होतं. बी धरलेल्या गवताचे भारे बंद झाले तर खत बंद, खत बंद तर कुटार बंद. ते सगळं एका दमात तिच्या डोक्यात होतं, कारण पुढचं वाक्य तिने लगेच म्हटलं, अगदी साध्या आवाजात. "आता बिजली इकाव लागन."

माणसाच्या मोठेपणाबद्दल शाळेत मी पुष्कळ धडे शिकवलेत. त्या धड्यांतली माणसं स्वच्छ कपड्यांत असतात आणि त्यांना आपण मोठं काही करतोय हे माहीत असतं. ही बाई गुडघ्यापर्यंत चिखलात, डोक्यावर पोत्याची खोळ घेऊन उभी होती आणि बोलून झाल्यावर लगेच पुढच्या गोलात बसून गवत उपटायला लागली. मला तिचे पाय धरावेसे वाटले. मी धरले नाहीत. मी टोपलं उचललं.

घरी मी प्रमोदला सांगितलं. तो जेवता जेवता थांबला. मग ताटावरून उठला, टॉर्च घेऊन पडवीतलं खताचं रिकामं टोपलं उजेडात धरून बघायला लागला, जणू त्यात बी सापडणार होतं. "आपलंच होतं सगळं," एवढंच म्हणाला. दुसऱ्या दिवशी तो स्वतः सुमनबाईकडे गेला आणि सांगून आला, की गवत बंद झालं तरी कुटार दर वर्षी तसंच येईल, खत नको. आम्हाला दोघांनाही आपण फार चांगलं वागलो असं वाटलं. ते समाधान दोन दिवस टिकलं. तिसऱ्या दिवशी सुमनबाई पडवीत येऊन बसली. चहा घेतला. बशी खाली ठेवली.

"फुकटचं कुटार नको मले, भाऊ," ती प्रमोदला म्हणाली. "दोन साल द्यान, तिसऱ्या साली तुमालेच जड जाईन. त्याच्यापेक्षा मले ते नाल्याकडचं अर्धा एकर द्या. ते तसंही वाया गेलं."

"त्यात काय करणार? तिथे गवताशिवाय काही नाही."

"म्हनूनच मागून राहिली."

तिचा बेत असा होता. त्या तुकड्यात चाऱ्याचा मका दाट फेकायचा, इतका दाट की गवताला ऊन मिळू नये. मका कमरेला आला की रोज थोडा थोडा कापायचा, सोबत उगवलेलं गवतही, दोन्ही कोवळं असतानाच. गवताला फुलायला वेळच द्यायचा नाही. कापून झालं की परत वखर, परत मका. "जमिनीत जेवढं बी पडलं हाय, थे सगळं उगो द्याचं, अन् बिजलीले खाऊ घालाचं. फुलाच्या आंदर कापलं तं बीच नाई राहात. बी नाई तं पाप नाई." बिजलीने पेरलेलं बिजलीनेच खाऊन संपवायचं, असं ते एकूण होतं. आणि उकिरडा वर्षभर मातीने लिंपून ठेवायचा, कुजल्याशिवाय कोणाला हात लावू द्यायचा नाही.

प्रमोद दोन दिवस विचार करत होता. शेतकऱ्याला जमीन द्यायची म्हटली, वापरायला का होईना, वाया गेलेली का होईना, की जिवावर येतं. मी त्याच्यावर चिडले. मग स्वतःला विचारलं, माझ्या जिवावर आलं नव्हतं का? आलं होतं. पण दोन दिवसांनी तो हो म्हणाला, आणि याबद्दल मला त्याचंही कौतुक आहे.

पुढची तीन वर्षं त्या तुकड्याकडे बघणं हा माझा छंद होऊन बसला. शाळा सुटली की मी स्कूटी तिकडे वळवायची. कधी मका गुडघ्याएवढा, कधी कमरेएवढा, एका कोपऱ्यात कापून मोकळी झालेली पट्टी, दुसऱ्या कोपऱ्यात नुकतं पेरलेलं. हिरव्याच्या पाच-सहा पायऱ्या. संध्याकाळी सुमनबाई डोक्यावर भारा घेऊन निघायची आणि भाऱ्यातून मक्याची पानं खाली लोंबायची, तिचं तोंड दिसायचं नाही, फक्त फुलशर्ट आणि पाय. बिजली हळूहळू इतकी सुटली की हॉटेलवाला म्हणायला लागला, म्हशीला बदाम घालता काय.

उरलेल्या वावरातही आम्ही शहाणे झालो, म्हणजे तिने केलं. पाऊस पडला की लगेच पेरणीची तिफन जुंपायची नाही. आधी गवत उगवू द्यायचं, बोटभर झालं की वखराची एक पाळी मारून ते सगळं उलथून टाकायचं आणि मगच पेरायचं. ऐकायला सोपं आहे. पण शेजारची वावरं पेरून हिरवी झालेली असताना आपलं काळं ठेवून बसायचं, याला काळीज लागतं. पांढुर्ण्याहून प्रमोदचे मेहुणे रोज फोन करायचे. "काऊन जी भाऊजी, पेरलं नाई अजून? आमचं तं उगून आलं!" प्रमोद म्हणायचा, "आमचं बी उगून आलं. गवत." आणि फोन ठेवून अंगणात येरझाऱ्या घालायचा. एका वर्षी सोयाबीनच्या जागी तूर आणि मका, एका वर्षी वेगळ्या जातीचं औषध, आणि जे राहील ते फुलायच्या आत हाताने. गवत संपलेलं नाही. ते संपत नसतं. पण आता ते आमच्यावर हसत नाही, एवढं नक्की.

आणि नाल्याकडचा तुकडा? मागच्या वर्षी पोळ्याच्या सुमारास मी तिथे वाकून शोधलं तर हाताच्या बोटांवर मोजावी एवढीच सावाची रोपं. तीन वर्षांचा काडीकचरा आणि मुरलेलं खत पोटात गेल्याने माती भुसभुशीत झालेली, मूठ उघडली की सुटी होणारी. सहा एकरांत तेवढी चांगली जमीन दुसरी नव्हती.

इथून पुढचं लिहिताना हात जरा अडखळतो. या उन्हाळ्यात प्रमोद म्हणाला, "तिथे सोयाबीन घेतलं तर काय पिकेल!" मी म्हणाले, "हो ना." तुकडा तिला दिला होता तो वाया गेलेला म्हणून; आता तो वाया गेलेला नव्हता. कागद काही नव्हता, मुदत ठरली नव्हती. परत कसा मागायचा, कोणी मागायचा, मागावा की नाही, यावर आम्ही पंधरा दिवस रोज थोडं थोडं बोलत होतो आणि रोज विषय बदलत होतो. मी तर मनात वाक्यंसुद्धा तयार केली होती. चांगली, गोड, शिकलेल्या माणसाची वाक्यं.

ती वाक्यं मला बोलावी लागली नाहीत. जूनमध्ये सुमनबाई आली, पडवीत बसली आणि चहा यायच्या आधीच म्हणाली, "भाऊ, नाल्याकडचं आता साफ झालं. तिथं तुमी पीक घ्या. मले तो विहिरीजवळचा कोपरा द्या. तिथी शिपी लय माजली."

मी चहाचं भांडं हातात धरून दारात उभी होते. या बाईने आमची बिघडलेली जमीन घ्यायची, ती सोन्यासारखी करायची, परत द्यायची आणि दुसरी बिघडलेली मागायची. आणि आम्ही पंधरा दिवस तिच्याशी कसं बोलावं याचा सराव करत होतो. मला रडू आलं. मी आत जाऊन चहा परत गाळला, एकदा गाळलेला.

बाहेर आले तर प्रमोद बोलत होता. "कोपरा घ्या. चाऱ्याला तो तुमचाच. पण नाल्याकडचा तुकडाही तुम्हीच करा, बटईनं." बटई म्हणजे निम्मं पीक तिचं, निम्मं आमचं. यात आमचं औदार्य नव्हतं. निम्मं आमच्याच घरी येणार होतं. तरी तिचा हात सुपारीच्या डबीवर तसाच थांबला.

"बियानं कोनाचं?" तिने विचारलं.

"अर्धं अर्धं."

"अन् दवाई?"

"तुम्ही म्हणाल ती. म्हणाल तेव्हा."

तिने डबी उघडून सुपारीचं खांड तोंडात टाकलं. मग म्हणाली, "मंग गवत उगल्याबिगर पेराचं नाई. आतापासून सांगून ठेवतो." आणि चहा घेऊन गेली.

आज रविवार. पाचव्या दिवशी सकाळी झडीने जरा दम घेतला. ढग तेच आहेत, पण पाणी थांबलं. मी स्कूटी काढून वावराकडे निघाले, तर बौद्धपुऱ्याच्या वळणावर सुमनबाई उभी. साडीवर तोच फुलशर्ट. ती गल्लीत तोंड करून बायांना हाका मारत होती, आणि तो आवाज मी इतक्या वर्षांत कधी ऐकला नव्हता. "चाला वं, आटपा लवकर! आज माया वावरात जाचं हाय!"

मी त्यांच्या मागे मागे गेले. नाल्याकडच्या तुकड्यात सोयाबीन मांडीला लागत होतं. तिने बायांना तासं वाटून दिली. मग माझ्याकडे पाहिलं, जरा विचार केला आणि धुऱ्याजवळचं, सगळ्यात सोपं तास मला दाखवलं.

"बसा बाई इथी," ती म्हणाली. "अन् सोयाबीन नका उपटू. मायं वावर हाय हे."